लालपरी, मंगळ आणि इहिरीतली हवा : एका बचाव मोहिमेच्या तयारीचं प्रकरण

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात आम्ही मंगळावर अडकलेल्या दोन माणसांना वाचवायची मोहीम केली. हसा, हरकत नाही, गावातले पण हसलेच. बुलडाणा जिल्ह्यातलं गाव, लोणार जवळच आहे, म्हणजे एसटी वेळेवर आली तर जवळ. मी बीएस्सी झालोय, नोकरी नाही, शेती आहे, त्यामुळे संध्याकाळी आठवी-नववीच्या पोट्ट्यांना गणित-विज्ञान शिकवतो. लोणारचं सरोवर सगळ्यांनी पाहिलेलं, बेसाल्ट खडकात उल्का आपटून झालेला पावणेदोन-दोन किलोमीटरचा खड्डा, आणि मंगळावरचे खड्डे पण बेसाल्टमधलेच म्हणून शास्त्रज्ञ इथं अभ्यासाला येतात, हे सांगितलं की पोरांचे कान उभे राहतात. त्यात २०२२ च्या २ एप्रिलला विदर्भभर आकाशात जळत जाणारे गोळे दिसले होते आणि चंद्रपूरकडे सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत रॉकेटची मोठी धातूची रिंग पडली होती, तेव्हा ही पोरं लहान होती, पण गोष्ट अजून काल घडल्यासारखी सांगतात.

तर खेळासाठी मी कागदावर लिहिलेली केस अशी. सहा जणांचा क्रू. यानाचं नाव पोरांनीच ठेवलं, लालपरी. मी म्हटलं काहीतरी संस्कृत ठेवा रे, तर म्हणे सर, वेळेवर नाही आली तरी येते तर खरी. लालपरी मंगळाभोवती ४०० किलोमीटरवरून फिरतेय, एका फेरीला साधारण दोन तास. चार जण वर, दोघं खाली बंद रोव्हरमध्ये. रोव्हर खड्ड्याच्या काठावरून घसरून आडवा झाला, एकाचा पाय मोडला, दुसरा धडधाकट. त्यांचं स्वतःचं परतीचं यान ६० किलोमीटरवर, म्हणजे असून नसल्यासारखं. लालपरीवर एक जादा उतरणयान आहे, सीटा चार, इंधन एकदा उतरायला आणि एकदा चढायला. उतरायची सपाट जागा रोव्हरपासून ४ किलोमीटर लांब. धुळीचं वादळ सुरू झालंय. रोव्हरमध्ये दोघांना पुरेल एवढा ऑक्सिजन ४० तासांचा. आणि कागदाच्या अगदी खाली मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, हवा गाळायचे डबे, सूटमधले धरून, २२ तास.

(एका पोट्ट्याला शुक्रावर जायचं होतं. त्याला सांगितलं की तिथं ४६५ डिग्री तापमान, दाब आपल्या नव्वदपट, १९८२ साली रशियाचं व्हेनेरा १३ उतरलं ते १२७ मिनिटं टिकलं आणि त्याचंच कौतुक अजून चालू आहे. मोडक्या पायाचा माणूस तिथं आपण पोचेपर्यंत उरणारच नाही. विषय संपला.)

वेळेचं गणित या केसचा कणा आहे म्हणून ते नीट सांगतो. लालपरी वर फिरते तसा खाली मंगळही फिरतो, एक दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. दर फेरीला खालची जमीन सरकलेली असते, त्यामुळे हव्या त्या जागेवर उतरायची वेळ दिवसातून दोनदाच येते, आणि चढून परत लालपरीला गाठायची वेळ पण तीच. पोरांना हे एका वाक्यात कळलं, कारण आमच्या फाट्यावर पण गाडी दोनदाच थांबते, सकाळची चुकली की संध्याकाळची, मधे कितीही हात करा. आमच्या केसमध्ये पहिली गाडी अपघातानंतर ८ व्या तासाला, पण तेव्हा खाली रात्र. दुसरी २० व्या तासाला, उजेडात. तिसरी ३२ व्या तासाला. खेळात एक तास म्हणजे पाच मिनिटं धरलं आणि ४ किलोमीटर म्हणजे ४०० मीटर. वावर रिकामं होतं, पऱ्हाटी उपटून झालेली, नांगरटीची ढेकळं तशीच, चालायला मंगळापेक्षा वाईट असेल असं मला वाटतं. आणि मे महिना, पारा ४४ च्या वर, म्हणून सगळं दिवस मावळल्यावरच.

पहिल्या वेळेला काय झालं ते ऐका. कॅप्टन म्हणून नववीतली एक हुशार पोट्टी निवडली, आणि योगायोग म्हणा की माझा चावटपणा, पाय मोडलेला माणूस झाला तिचाच सख्खा लहान भाऊ. क्रूने बैठक घेतली. ऑक्सिजन ४० तास, मग घाई कशाला, रात्रीच्या अंधारात उतरून मरायचं का, २० व्या तासाच्या गाडीने उजेडात जाऊ, तोवर तयारी पक्की करू, ३२ व्या तासाला वर. ४० मधून ३२ गेले तर ८ तास शिल्लकच. गणित बरोबर, हस्ताक्षर सुंदर. पृथ्वीला पण विचारून घेऊ म्हणाले. आता मंगळ जवळ असताना पण निरोप पोचायला ३ मिनिटं लागतात, लांब असताना २२, आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला तिथं कक्षेत शिरलं तेव्हा साधारण १२ मिनिटं लागत होती, ते इंजिन पेटलं की नाही हे आपल्याला कळेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं. आम्ही १२ च धरली. पृथ्वी म्हणजे पारावर बसलेले आमचे निवृत्त गुरुजी, चिठ्ठी घेऊन एक पोट्टा पळत जायचा आणि उत्तर घेऊन पळत यायचा, जायला-यायला दोन मिनिटं, खेळाच्या मापात बरोबर २४. चौथ्या चिठ्ठीनंतर कॅप्टन वैतागून म्हणाली, "राहू द्या सर, पृथ्वीले फक्त कळवू, इचारू नका."

आणि मग उतरणयानात चौघंही बसले. चार सीटा, चार माणसं. मी काही बोललो नाही. २० व्या तासाला उतरले, सूट घालून हवा सोडून बाहेर पडायला दीड तास, ४ किलोमीटर चालायला अजून दोन. रोव्हरपाशी पोचले तेव्हा साडेतेवीस तास झाले होते. मी दोन पांढरे रुमाल काढून दोघांच्या तोंडावर टाकले.

भांडण झालं. ऑक्सिजन अजून साडेसोळा तासांचा आहे, तुम्ही चिटिंग करता, वगैरे. आणि समजा जिवंत असते तरी आणणार कुठे, सीट एक तरी रिकामी आहे का, हे विचारल्यावर सगळे गप्प. काळीपिवळीत चौदा माणसं कोंबणाऱ्या गावातल्या पोरांना सीट मोजायची सवय नसते, तो त्यांचा दोष नाही. सुनीता विल्यम्स यांचं उदाहरण दिलं. जून २०२४ मध्ये बुच विल्मोर यांच्यासोबत आठ दिवसांसाठी म्हणून अंतराळ स्थानकावर गेल्या, त्यांचं यान माणसांशिवाय परत आणलं, आणि सप्टेंबरमध्ये जे दुसरं यान वर गेलं ते चारऐवजी दोघांनाच घेऊन गेलं, दोन सीटा रिकाम्या ठेवून, त्याच सीटांवर बसून मार्च २०२५ मध्ये दोघं खाली आले. वाचवायला जाणाऱ्या गाडीत रिकामी जागा हाच मुख्य माल असतो.

पण डब्यांचं कोणालाच पटेना. ऑक्सिजन आहे तर माणूस मरेल कसा? तेव्हा आमचा इंजिनेर, एरवी दिवसभरात दहा शब्द न बोलणारा पोट्टा, खाली मान घालून म्हणाला, "सर, इहिरीत हवा सरत नाई. खराब होते."

गावात सगळ्यांना ती गोष्ट माहीत आहे. हा जन्मायच्या आधीची. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचा मोठा काका जुन्या इहिरीत मोटरचा फूटव्हॉल काढायला उतरला, अर्ध्यात गेल्यावर हात सुटला, आवाज नाही. सालदार त्याला काढायला उतरला, तोही तसाच. तिसरा याचा बाप, एक पाय आत टाकलेला, आणि आजीने मागून कंबरेला मिठी मारली आणि सोडलंच नाही, त्याने शिव्या दिल्या, कोपर मारलं, तरी नाही. मग कोणीतरी कंदील दोरीला बांधून सोडला, तो वीस फुटांवर विझला. पोट्टा म्हणाला, "आजीनं धरलं म्हनून माहा बाप हाये. अन् म्हनून मी हाये."

बंद इहिरीत पाला कुजून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. बंद रोव्हरमध्ये तो माणसाच्या स्वतःच्या श्वासातून येतो. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तो बाहेर टाकतो. बाहेरच्या हवेत हा वायू ०.०४ टक्के असतो, चार-पाच टक्के झाला की डोकं ठणकतं, धाप लागते, दहाच्या आसपास शुद्ध जाते, आणि हे सगळं ऑक्सिजन भरपूर असताना. म्हणून तो शोषणारे डबे लागतात. अपोलो १३ मध्ये, एप्रिल १९७० ला, नेमकं हेच झालं होतं, चांद्रयानात ऑक्सिजन पुरेसा, डबे कमी, मुख्य यानातले डबे चौकोनी आणि इकडची भोकं गोल. मग प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठा, सूटचा पाइप आणि चिकटपट्टी लावून जुगाड बसवला. आणि कल्पना चावला यांच्या कोलंबियाचं तर अजून वाईट वाटतं. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण, १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं, सातही जण गेले. नंतरच्या चौकशीत हिशोब केला की पंखाचं नुकसान वेळेत ओळखलं असतं तर अटलांटिस यान घाईने पाठवून त्यांना आणता आलं असतं का, तर वर थांबायची मर्यादा ठरवणारी गोष्ट अन्न नव्हती, पाणी नव्हतं, हेच डबे होते, साधारण ३० दिवस. त्यानंतर नासाने प्रत्येक फेरीला बचावाची सोय ठरवूनच उडायचं असं केलं, २००९ च्या मे महिन्यात हबल दुर्बीण दुरुस्त करायला अटलांटिस गेलं तेव्हा शेजारच्या तळावर एंडेव्हर चार जणांच्या क्रूसाठी तयार उभं होतं, फक्त गरज पडली तर म्हणून.

दुसऱ्या वेळेची तयारी चार संध्याकाळी चालली आणि माझ्या मते या केसमध्ये बघण्यासारखं हेच आहे. आधी आकडे फिरवले. २२ तासांची मर्यादा म्हणजे ८ व्या तासाचीच गाडी, अंधारात, पर्याय नाही, आणि २० व्या तासाला वर. खाली फक्त दोघं जाणार. सूट आठ तासांचा. साडेनऊला बाहेर पडलं तर साडेसतराला श्वास संपला. आता परत येताना माणूस ओढत आणायचा, त्याला चार तास, बांधायला अर्धा तास, अर्धा तास हाताशी. म्हणजे जायला तीनच तास. साडेबाराला रोव्हर हाताला लागला नाही तर वळायचं, कारण त्यानंतर पोचलात तरी त्याला घेऊन परत येऊच शकत नाही. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा कॅप्टन बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

वादळाचं पोरांना उगाच भ्या होतं. ताशी १०० किलोमीटरचा वारा, माणूस उडून जाईल, खुंट्या ठोकू, दोर बांधू. पण मंगळावरची हवा आपल्यापेक्षा साठेक पट विरळ, हिशोब मांडला तर तिथला १०० चा वारा अंगाला आपल्याकडच्या १३ च्या झुळकीएवढाच लागतो. खरा त्रास धुळीचा, दिसत नाही आणि सोलर पॅनल झाकतात. २०१८ च्या जूनमध्ये अशाच वादळात अपॉर्च्युनिटी रोव्हर गप्प झाला तो कायमचा, आधी चौदा वर्षं चालला होता बिचारा. मग खुंट्या रद्द, त्या वजनात जादा टॉर्च घेतले.

वजनाचं पोरांना आवडलं. माणूस ६० किलो, सूट १०० किलो धरला, १६० किलो. मंगळाची ओढ आपल्या ३८ टक्के, म्हणजे उचलताना ६१ किलोच वाटणार, सोयाबीनचा एक भरलेला कट्टा. लगेच सगळे पहिलवान झाले. पण उचलायला हलकं झालं तरी ढकलायला आणि थांबवायला ते १६०च किलो आहे, उतारावर निघालेली भरली बंडी कशी बैलांना मागून रेटते तसं. ताडपत्रीवर अर्धा कट्टा बांधून ओढायचा सराव केला (पोरं तेरा-चौदा वर्षांची, पूर्ण कट्टा दिला असता तर त्यांच्या मायांनी मला ओढलं असतं). पाठीवर १६ लिटरचा फवारणीचा पंप अर्धा पाणी भरून, हा सूटचा डबा. हातात फवारणीचे रबरी हातमोजे, दोन जोड एकावर एक. ते घालून दोरीची गाठ मारायची. पहिल्या दिवशी एकाही पोट्ट्याला जमलं नाही, बोटं मिटतच नाहीत आणि आतून घामाने निथळतात. एक जण म्हणाला म्हनूनच माहा बाबा मोजे घालत नाई. २०१७ ला यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर मेले तेव्हापासून किट घाला किट घाला सगळे सांगतात, पण भर उन्हात ती किट घालून चार तास कोणी चालून दाखवत नाही. मंगळावर निदान मोजे काढायचा मोह होत नसेल. तिथं दाब इतका कमी की अंगाच्या गरमीवरच पाणी उकळतं. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात खोलीत जिम लब्लांक नावाच्या माणसाच्या सूटचा पाइप निसटला, चौदाएक सेकंदांत तो पडला, वाचला, आणि शेवटचं आठवत होतं ते काय तर जिभेवरची लाळ उकळत होती. हे सांगितल्यावर गाठी सोडून मोठे हूक वापरायचं ठरलं.

कोण जाणार यावर मात्र खरी बाचाबाची. कॅप्टन म्हणे मी जाईन, माझा भाऊ आहे. डॉक्टर झालेली पोट्टी म्हणे म्हणूनच तू नको. शेवटी ठरलं ते मला तरी सुचलं नसतं. कॅप्टनने जावं, कारण ताडपत्री ओढण्यात तीच सगळ्यात दणकट, पण घड्याळ तिच्याकडे नको. घड्याळ वर लालपरीत बसलेल्या इंजिनेरकडे, त्या इहीरवाल्या पोट्ट्याकडे. तो वळा म्हणाला की वळायचं, कॅप्टन असो की कोणी. कोणीतरी त्याला आजी म्हणायला सुरुवात केली, तो चिडला नाही.

दुसरी वेळ. अमावास्येच्या मागेपुढे, गडद अंधार, मी टॉर्चवर पिवळा कागद लावून धूळ केलेली. दोघं निघाले, ढेकळांत दोनदा पडले, मधे दिशा चुकली, बांधाच्या कडेने उगाच पन्नास पावलं लांब गेले. बारा वाजून वीसला फोनवर आवाज, "दहा मिनिटं." साडेबाराला, "वळा."

कॅप्टनला रोव्हरचा, म्हणजे उलट्या टाकलेल्या बाजेचा, लाल दिवा दिसत होता. मी नंतर मोजलं, पस्तीस पावलं.

"दिसून राह्यला मले. पोचलीच."

"वळ."

"अरे दिसून राह्यला म्हनलं न!"

"दिसून राह्यला तरी वळ."

एक मिनिट कोणीच काही बोललं नाही, वावरात फक्त रातकिडे. मग दिवा मागे फिरला. १९७१ मध्ये अपोलो १४ चे दोघं चंद्रावरच्या एका मोठ्या खड्ड्याच्या काठाला जायला चढत होते, दमले, वेळ संपत आली, परत फिरावं लागलं, आणि नंतर नकाशावर कळलं की काठ तीसेक मीटरवर होता. हे मी तिला सांगायला गेलो तर म्हणाली सर आता नका सांगू. बांधावर बसून रडली. भाऊ बाजेखालून ओरडत होता, "मी मेलो का जिंदा हाओ ते तरी सांगा!"

मेला होतास बाबा. सहातले चार वाचले. पहिल्या वेळी जे चार खाली उतरले होते त्यांनी प्रेतं शोधली होती, या वेळी निदान चुकलं कुठे ते स्पष्ट होतं, पन्नास पावलांची चूक. तिसऱ्या वेळेला त्यांनी रोव्हरमधल्या धडधाकट माणसाला कामाला लावलं, आतापर्यंत तो नुसता बसून होता, दर पाच मिनिटांनी त्याने दिवा तीनदा लावायचा आणि फोनवर आकडा मोजायचा. दोन तास पन्नास मिनिटांत पोचले. सतरा तास दहा मिनिटांनी ताडपत्रीसकट यानात. विसाला लालपरी. पारावरच्या पृथ्वीने बारा मिनिटांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं हे विज्ञान प्रदर्शनीत नेलं. तपासायला आलेल्यांनी विचारलं मॉडेल कुठाय. मॉडेल नव्हतं, ताडपत्री आणि तक्ता होता. शेजारच्या पवनचक्कीला बक्षीस, चांगली होती पवनचक्की, पंखा फिरत होता.

केस मी तिथं बंद केली होती. पंधरा दिवसांनी शिकवणीत मधेच डॉक्टर पोट्टी म्हणाली, "सर, इहिरीत आधी मानूस कुठी उतरोते? आधी कंदील सोडते, नाईतर लिंबाची डाहळी दोरीले बांधून हवा हालवते." (कंदील जळत राहिला म्हणजे सगळं ठीक असं नसतं, विषारी वायू त्याला कळत नाहीत, पण तिचा मुद्दा वेगळा होता.) "मंग आठ वाजताच्या गाडीनं आपून मानसं काहून पाठोले? नुस्ते डब्बे पाठवाले पाह्यजे होते. डब्बे भेटले त ऑक्सिजन चाळीस तास हायेच. मंग वीसले उजेडात उतराचं, बत्तीसले वर."

मी कागद काढला. उतरणयान एकच, ते रिकामं पाठवलं तर माणसं कशाने जाणार, असं म्हणालो. ती म्हणाली डब्ब्याले सीट थोडी लागते, हवाई छत्रीनं फेका. मंगळाची हवा विरळ, नुसत्या छत्रीने वेग मरत नाही, पण हवेच्या पिशव्यांत गुंडाळून आपटवत उतरवायची पद्धत तर १९९७ मध्ये पाथफाइंडरने वापरली होती, म्हणजे होण्यासारखं होतं. मी दोन महिने या केसवर बसलो होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग कॅप्टनने अडचण काढली, डब्बा काही रोव्हरच्या दारात पडणार नाही, चार किलोमीटरवर पडला तर? धडधाकट आहे त्याला एकट्याला आणायला जावं लागेल, येऊन-जाऊन सहा तास, रात्री, पाय मोडलेल्याला तिथंच सोडून.

सगळ्यांनी तिच्या भावाकडे पाहिलं. तो पेन्सिल कोरत होता.

"जाऊ देईन मी त्याले," तो म्हणाला. "पन कंदील माह्यापाशी ठेवून जाजो म्हना."